वाफेच्या मशीनची कैफियत

"अगं बाई, हे तं चुलीवरच्या दुधावानी गुरगुरते."

मित्रांनो, माझं पहिलं कौतुक झालं ते असं. बोलणाऱ्या होत्या शालूबाई, दवाखान्यातल्या तेव्हाच्या थोरल्या सिस्टर. त्या कधीच निवृत्त होऊन नांदुऱ्याला लेकीकडे गेल्या, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी धाप लागलेल्या माणसांना औषधाची वाफ देणारी एक जुनी मशीन आहे. कागदावर माझं नाव नेब्युलायझर, पण ते इथे कोणी घेत नाही. दूरच्या एका कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसली, आणि धाड नावाच्या गावी बाजाराला जाणाऱ्या जिपा जिथे प्रवासी भरतात, तिथल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात मी आले.

सुरुवातीचे दिवस लाडाचे होते. शालूबाई माझा मुखवटा कोमट पाण्यात धुऊन पांढऱ्या फडक्यावर वाळत घालत. ओठ निळे पडलेली लेकरं माझ्याजवळ येत, आणि थोड्या वेळानं आईच्या कुशीत झोपून जात. मग शालूबाई गेल्या. मुखवट्याचा पट्टा तुटला, तिथे सलाइनची नळी बांधली गेली. हवा गाळणारा स्पंज काळा पडला, तो कोणी बदलला नाही. पण त्याचं मला एवढं दुःख नाही. माझा संताप वेगळा आहे, आणि त्याचं नाव निजामचाचा.

निजामचाचा गादीवाले. सारं आयुष्य कापूस पिंजण्यात गेलं. दुकान एवढंसं, आणि आत रुई अशी उडायची की काळ्या केसांचा माणूस म्हातारा होऊन बाहेर यावा. रुईजवळ काडी पेटवायची सोय नाही, म्हणून बिडीसाठी ते बाहेर लिंबाखाली येत. आता छातीला कायमचा आजार जडला आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, गाव दमा म्हणतं. मशिदीपर्यंत चालत जायचं तर चाचांना वाटेत ठिकठिकाणी टेकावं लागतं. बिडी अशीच चालू राहिली तर पुढे घरातल्या घरातसुद्धा ऑक्सिजनची नळी लावून बसावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

चाचा येत ते जहांआराचाचींच्या खांद्यावर हात टाकून. शब्द अर्धे, श्वास त्याहून अर्धा. मी गुरगुरू लागले की बोंड उमलावं तशी त्यांची छाती हळूहळू उमलायची. मला वाटायचं, जिंकले मी. आणि चाचा तोंड पुसून फाटकाबाहेर जायचे, चहाच्या टपरीमागे उकिडवे बसायचे, आणि मी उघडून दिलेल्या त्याच छातीत धूर भरायचे. मला खिडकीतून सगळं दिसायचं.

एकदा चाची चिडून सगळ्यांसमोर म्हणाल्या, की मशीन बिचारी रस्ता मोकळा करते आणि हे त्यावर धुराडं बांधतात. चाचा हसले.

"गाडी धुतली का चालवून पाहा लागते नं."

ओळीत बसलेले सगळे हसले. मी तेवढी मनातल्या मनात तापत राहिले.

पण माझा राग एकट्या चाचांवर नव्हता. डॉक्टर दर वेळी विचारत, बिडी सोडली का? पेनाला टोपण लावता लावता विचारत. चाचा होकाराची मान हलवून 'हाव' म्हणत. एकदा त्यांनी खरं सांगितलं होतं, तेव्हा मरायचंच असेल तर इथे येता कशाला, असं भर ओळीत ऐकून घ्यावं लागलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी खरं बोलणं सोडलं. बिडी काही सुटली नाही. भिंतीवर सडक्या फुप्फुसाचं मोठं चित्र. त्याच्या शेजारी समुपदेशनाची खोली, तिच्यात मोडक्या खुर्च्या रचलेल्या. बिडीची तलफ कमी करायला औषध मिळतं, ते जिल्ह्याच्या दवाखान्यातून मागवता येतं, असं दोन सिस्टर आपसात बोलताना मी ऐकलं. चाचांच्या कानापर्यंत ते कधी गेलंच नाही. 'सोडा' म्हणणारे सगळे, पण सोडताना जिवाचं काय होतं हे विचारणारं कोणी नाही. आणि मी! मला गुरगुरण्यापलीकडे वाचा नाही.

मित्रांनो, माझा मुखवटा धुवा, स्पंज बदला, एवढंच मागायचं असतं तर मी ही कहाणी सांगितलीच नसती. तुमच्या घरात कोणी बिडी सोडू पाहत असेल तर त्याच्याजवळ बसा. सोडल्यावर काय होतं ते विचारा. आणि तो खरं बोलला तर रागावू नका. नाहीतर मी कितीही वाफ दिली तरी ती वायाच जाणार. हे मला परवाच्या सोमवारी कळलं.

त्या दिवशी चाचांची वाफ संपत आली होती आणि लाईन गेली. मी मधेच मुकी झाले. एरवी माझ्या आवाजात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे. आता खोली अगदी शांत. चाचांची धाप आता शमली होती. आताच्या वंदना सिस्टर लाईनची वाट पाहत स्टूल ओढून बसल्या. चाचांच्या खिशातून बिडीचं बंडल डोकावत होतं. एरवी त्या ओरडल्या असत्या. त्या दिवशी बहुधा थकल्या होत्या.

"चाचा, खरं सांगा. कधी सोडून पाह्यली का?"

चाचींनीच परस्पर उत्तर दिलं, की हे काय सोडणार, आधी मला सोडतील. चाचा हसले नाहीत. बराच वेळ ते मुखवट्याची गाठ चाचपत राहिले.

"सोडली होती, बाई. रमजानमधी सोडली. त्याच्या आधी बी सोडली. हिले बी नाही सांगितलं. पण सोडली का खोकला वाढते. सकाळी उठलो का बेडका सरत नाही. पिंजण शिकवणारे आमचे उस्ताद म्हणत, बिडीच्या धुरानं छातीतली रुई जळते. म्या म्हटलं, धूर बंद केला तं रुई साचून राह्यली आतमधी. घाबरलो. मंग पेटवली. तुमाले सांगितलं असतं तं हसले असते तुमी."

कोणी हसलं नाही. चाचींनी ओढणी तोंडाशी धरली.

तेवढ्यात लाईन आली, माझा दिवा लागला आणि मी गुरगुरू लागले. वंदना सिस्टरांनी हात लांब करून मला बंद केलं.

"चाचा, ती रुई नाही. बिडी सुटली का छाती आपली आपण साफ व्हाले लागते, म्हणून काही दिवस खोकला जास्त येते. मंग कमी होते. रक्त पडलं, ताप आला, का दम वाढला तं लगेच या. पण खोकल्याले भेऊन पेटवू नका." त्यांची नजर खाली गेली. "हे आमाले सगळ्याइले ठाऊक होतं, चाचा. पहिल्याच दिवशी तुमाले सांगाले पाहिजे होतं. म्या सांगितलंच नाही."