सहीविना राहिलेले कार्ड

जोड्याच्या टाचेखाली उजव्या हाताची तीन बोटे मोडली, तेव्हा वेन्यामिन लुकीच प्रथम ओरडले. त्याआधी दोन तास खुर्चीच्या पायाचे बरगड्यांवर पडणारे घाव त्यांनी दात आवळून सोसले होते. लेनिनग्राडच्या शब्दकोश कचेरीत तीस वर्षे काढलेल्या या वृद्धापुढे गुप्त पोलिसांच्या लेफ्टनंट झुबारेवने शब्दनोंदीचे एक कार्ड नाचवले.

“वाच, म्हाताऱ्या!”

कार्डावर क्रियापद होते ‘लिक्विदीरोवत’, म्हणजे निकालात काढणे. खाली व्युत्पत्ती: मूळ लॅटिन, प्रत्यय जर्मनांकडून उसना.

“आमच्या पक्षाच्या शब्दाला जर्मन शेपूट? कुणी चिकटवलं?”

“पीटर बादशहाच्या काळापासून आहे ते. तुम्ही शिपायांना कूच करायला लावता ना, त्या शब्दालाही तेच शेपूट आहे.”

ठोसा बसला. एक दात टेबलावर पडला.

“अक्कल नको शिकवूस. नाव सांग. हे अक्षर बाईचं आहे.”

अक्षर आग्लायाचे होते. कचेरीतली बावीस वर्षांची शिकाऊ उमेदवार. नाव उच्चारताच संध्याकाळच्या आत ती याच खुर्चीवर बसली असती. कचेरीचा रिवाज असा, की उमेदवाराने लिहावे आणि तपासणाऱ्याने कोपऱ्यात सही करावी. मग कार्ड त्याचे, त्यातल्या चुकाही त्याच्या. परंतु शब्दाच्या वापराचे जे उदाहरण द्यायचे त्याचे साल लिहिलेले नाही म्हणून वेन्यामिन लुकीचनी सही नाकारून ते तिच्याच टेबलावर परत ठेवले होते. त्या काटेकोरपणानेच पोर उघडी पडली होती.

“अक्षर माझंच आहे.”

“अस्सं? मग लिहून दाखव हाच शब्द!”

वेन्यामिन लुकीचनी काळीनिळी पडलेली बोटे पुढे केली. “यांनी? पडताळायला तुमच्या टाचेनं ठेवलंय काय?”

झुबारेवने त्यांचे डोके टेबलावर आपटले. भुवई फाटली. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सहापर्यंत वरच्यांना एक नाव हवे होते, कुणाचेही.

“कर सही, थेरड्या. तू तर तू.”

वेन्यामिन लुकीचनी डाव्या हातात टाक धरला. सवयीने नजर सालाच्या रिकाम्या जागेवर गेली. अपुऱ्या कार्डावर त्यांनी आजवर कधी सही केली नव्हती. त्या जागी भुवईतून रक्ताचा थेंब पडला. तो त्यांनी बाहीने हलकेच टिपला आणि कोपऱ्यात, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आपले संपूर्ण नाव लिहिले.