आईने घेतलेलं नाव

सोमवारी धाकटी नोकरी सोडून माईंच्या सत्संग-परिवाराच्या निवासात कायमची राहायला जाणार होती. त्याआधी घरातलं एक माणूस माईंसमोर आणायचं, अशी परिवाराची अट. म्हणून रविवारी तिने थोरल्या बहिणीला तिथे बोलावलं.

थोरली अतिदक्षता विभागात नर्स. ड्यूटी संपवून तशीच आली. दारातच दोघीतिघींनी तिला मिठ्या मारल्या, एकीने चपला उचलून ठेवल्या.

"एवढे लाड माझ्या लग्नातही झाले नव्हते," ती धाकटीच्या कानात पुटपुटली.

"ताई, इथे तरी टोमणे नकोत गं."

सगळे खाली बसले होते. खुर्ची एकट्या माईंना. त्यांनी थोरलीचा हात धरून डोळे मिटले.

"तुझी आई आलीय. म्हणते, शेवटच्या क्षणी मी धाकटीचं नाव घेतलं, ते थोरलीला लागलं. पोरी, किती दिवस मनात ठेवशील?"

हुंदके फुटले. धाकटीचा चेहरा उजळला.

थोरलीने हात सोडवला. उशिरा पोचलेल्या नातेवाइकाला 'शेवटी तुमचंच नाव घेतलं' असं सांगायची त्यांच्या वॉर्डात रीतच होती; नव्या नर्सला जुन्या नर्स ती शिकवत. आई गेली तेव्हा धाकटी उशिरा पोचली. थोरलीने तिलाही तेच सांगितलं. आणि धाकटीने ते इथे सांगितलं होतं.

खरं बोललं तर धाकटीजवळ उरलेली तेवढी आईही जाणार होती. गप्प बसलं तर धाकटीच.

"बाळे, आईच्या घशात नळी होती. तिला बोलताच येत नव्हतं. ते माझं वाक्य. आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

माई शांतपणे म्हणाल्या, "निघायच्या वेळी आपलीच माणसं आडवी येतात. सांगितलं होतं ना?"

धाकटी कुणाकडेच न बघता उठली. थोरली मागोमाग जिन्यापर्यंत आली. तेवढ्यात आतून माईंची हाक आली, "चिमणे!"

आई तिला याच नावाने हाक मारायची. धाकटी पायरीवर थबकली. थोरलीने तिचा हात धरला नाही.

"हेही मीच सांगितलं होतं त्यांना," धाकटी म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "डोळे तरी उघडले होते का गं तिने?"

"नाही."

धाकटी हातभर अंतर ठेवून चालू लागली, पण घराच्या दिशेने.