आतून आलेलं ‘आहे’

मी सात नंबरच्या खोलीचा दरवाजा बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण मी स्वभावानं भित्रा. हसू नका. आत काय चाललंय ते दिसतं, बाहेर कोण उभं आहे ते कळतं, आणि स्वतःहून इंचभर हलता येत नाही. अशा जागी उभं राहून बघा एकदा, भल्याभल्यांची पाचावर धारण बसेल.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमधला. स्वस्तातलं प्लायवूड, वर उरलासुरला तपकिरी रंग. वाटलं होतं, एखाद्या कचेरीत लागेन. पण लागलो तो इथे, दारू आणि नशेपायी घर गमावलेल्या माणसांच्या वसतिगृहात. इथे त्यांना खोली मिळते, जेवण मिळतं, औषध मिळतं आणि व्यसन सोडताना हात धरणारं कुणीतरी मिळतं. ते कुणीतरी म्हणजे इथली ताई. वयानं लहान, पण साठीचे बाप्येही तिला ताईच म्हणतात.

माझ्या आतल्या बाजूला एक कडी होती. नवा माणूस आला की आधी ती लावून बघायचा, मग काढायचा, पुन्हा लावायचा. चपला चोरीला जातील म्हणून त्या उशाशी घेऊन फुटपाथवर झोपलेल्या माणसाला आतून लावायची कडी म्हणजे काय, ते मी पाहिलंय. एकजण तर ती धरून ढसाढसा रडला. तो वेल्डर. बाकीचे मला लाथेनं उघडायचे, यानं दुसऱ्याच दिवशी माझ्या बिजागरीत तेल घातलं. तेव्हापासून माझा जीव जडला त्याच्यावर.

शेजारच्या खोलीत रेडिओ राहायचा. खरं नाव काय कोण जाणे, तोंड कधी बंद नाही म्हणून रेडिओ. मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वरच्या फटीतून साबण, काडेपेटी आणि गप्पा इकडून तिकडे जायच्या.

ताई सकाळ-दुपार प्रत्येक दारावर टकटक करायची. आतून ‘आहे’ ऐकू आलं की पुढे जायची. उघडायला लावायची नाही. “माणसाला आपली म्हणून एक खोली हवी,” म्हणायची. पण कुणी पिऊन सापडला की ताकीद, आणि ताकिदी संपल्या की पुन्हा रस्ता. त्यातून एक भलतीच रीत पडली होती. कुणी पिऊन पडला असेल, तर शेजारी त्याच्या आवाजात ‘आहे’ म्हणायचा. रेडिओ तर नकलांमध्ये वस्ताद. त्यांना वाटायचं, आपण दोस्ताला वाचवतोय. मला मात्र त्या खोट्या ‘आहे’ची धास्ती वाटायची.

त्या दिवशी दुपारी वेल्डरची लेक त्याला भेटायला यायची होती. किती वर्षांनी! कितीतरी महिने त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. रेडिओचा चांगला शर्ट मागून घेतला आणि सकाळी ब्लेड आणायला म्हणून बाहेर पडला. परत आला तो ब्लेडशिवाय. कडी लावली आणि माझ्यावर कपाळ टेकून म्हणाला, “काय तोंड दाखवू रे तिला?” वास आलाच. खिशातली बाटली काढून पुन्हा प्यायला. अंगाची सवय मोडलेली आणि हात मात्र जुन्याच मापानं ओतत होता. शेवटी मला टेकून खाली घसरला तो तिथेच आडवा झाला. मग घोरायला लागला.

“आजच्या दिवशी पिऊन आलास, गाढवा?” रेडिओ पलीकडून कुजबुजला. “झोप आता. ती येईपर्यंत उतरेल.”

तेवढ्यात टकटक झाली.

“आहे, ताई!” वरच्या फटीतून आवाज आला. हुबेहूब वेल्डरचा घोगरा आवाज.

“दाढी झाली का? लेक येणार ना?”

“चाललंय, ताई!”

ती हसली आणि पुढे गेली. अगं, थांब ना! त्याचं घोरणं मी रोज रात्री ऐकलं होतं, ते असं नव्हतं. तुंबलेल्या मोरीतून पाणी जावं तसं घशात काहीतरी गुडगुडत होतं. रेडिओला वाटलं, घोरतोय म्हणजे झोपलाय. मला वाटत होतं, हा जातोय आणि मी नुसता उभा आहे. दोन घोरण्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग आवाजच थांबला.

“ए, घोरायचं का थांबलास?” रेडिओ म्हणाला. “ए वेल्डर!” त्यानं भिंत बडवली. फटीतून साबण फेकला. तो वेल्डरच्या पाठीवर आपटला, तरी वेल्डर हलला नाही.

रेडिओची पावलं त्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. खोटं बोलल्याचं कबूल केलं तर त्यालाही रस्ताच, त्याच्याही ताकिदी संपल्या होत्या आणि बाहेर थंडी मी म्हणत होती. पण मग त्याचं दार धाडकन उघडलं.

“ताई! मघाशी तो नव्हता बोलला! मी होतो, मी!”

ताईनं मला ढकललं. आतून कडी, वर त्याच्या अंगाचा भार, आणि मी उघडणार आतल्या बाजूला. मोडण्याची भीती मला जन्मापासून, पण त्या क्षणी मोडावं असं फार वाटलं. रेडिओनं बाकडं उचललं आणि आतल्याला लागू नये म्हणून माझ्या वरच्या अंगावर घातलं. मी उभा चिरलो. ताईनं भगदाडातून हात घालून कडी काढली आणि मला रेटत कशीबशी आत शिरली. त्याचे ओठ निळे पडले होते. तिनं त्याचं तोंड साफ केलं, आपला श्वास त्याच्या छातीत भरला. “घ्या ना काका, श्वास घ्या!” पुन्हा भरला. पुन्हा. आणि तो खोकला.

स्ट्रेचर निघत होतं तेव्हाच लेक फाटकातून आत आली.

“तुम्ही बाबांचे कोण?” तिनं रेडिओला विचारलं.

“शेजारी,” तो म्हणाला. जेमतेम ऐकू आलं. ती धावत गाडीत चढली.

ताईनं दोघांनाही काढलं नाही. “रस्त्याच्या भीतीनंच खोटं बोललात ना? मग माझंही चुकलंच,” म्हणाली. आता पिऊन आलेल्याला रस्त्यावर नाही, दवाखान्यात पाठवतात. नवे दरवाजे बाहेर उघडतात, कडी बाहेरूनही निघते, आणि चेहरा दिसल्याशिवाय ताई हलत नाही.

मी अंगणात दोन पिंपांवर आडवा पडलोय. माझ्यावर चहा होतो. चिरलेली कड वेल्डरनंच घासून गुळगुळीत केली. लेक कधीमधी येते, माझ्यावर कोपर टेकून बसते. पण माझी भीती काही गेली नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी रेडिओ माझ्यावर टकटक करून वर खोलीतल्या वेल्डरला विचारतो, “आहेस का?” उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

एवढंच सांगतो, कुणाच्या दारावर टकटक झाली तर ज्याचं त्यालाच बोलू द्या. मायेपोटीसुद्धा त्याच्याऐवजी ‘आहे’ म्हणू नका.

आज वेल्डर अजून खाली आला नाही. रेडिओनं टकटक करून झालंय. त्याच्या चहावर साय धरलीय. रेडिओ पुन्हा टकटक करतो. मग मूठच आपटतो माझ्यावर.

“आहे रे बाबा,” जिन्यावरून आवाज येतो. घोगरा. त्याचाच.