मापानं पाजलेली

आमच्या सुनेला, शिवांजलीला, सासूपुढं तोंड उघडता येत न्हाई. पण परक्या बाप्याला फोन करताना तिची जीभ कुठं अडत न्हाई. मिरजेच्या दवाखान्यात भिंतीवर कागद डकवला होता. त्यावरचा नंबर तिनं तळहातावर उतरून आणला, आणि सगळं ठरवून झाल्यावर मला म्हणते, "आत्ती, बेस्तरवारी चारला मीटिंग हाय. दारू सोडलेली मानसं बसत्यात. ह्यांना घिऊन जायचंय."

विचारलं न्हाई. सांगितलं.

"घरातलं मढं चव्हाट्यावर न्हिऊन ठिवतीस व्हय गं?"

"मढं व्हायच्या आधी न्हेतीया," म्हणाली आणि परात घासायला निघून गेली.

बाळासो माझा एकुलता. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन आला. तीन वर्षांत पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, लिव्हर संपत आलंय. आता प्याला तर पुढच्या वेळी इथं आणायची गरज पडणार न्हाई."

तरी गावात मी गुडघे दाखवायला चालले म्हणूनच सांगितलं. आमच्या घरातले तीन जण फौजेत गेले. दारुड्याची आई म्हणून एस्टीत चढायची मला सवय न्हाई.

खोली एका शाळेच्या मागं होती. बाहेर पाटी न्हाई. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाची किटली, आणि पंधरा-सोळा बाप्ये. मला वाटलं, फाटके-तुटके असतील. तर सगळे इस्त्रीतले, भांग पाडलेले. आपापसांत हसत होते. ते हसणं मला आवडलं न्हाई. कोणाला तरी पोचवून आल्यावर माणसं अशी हसतात.

मी कडेच्या खुर्चीवर टेकायला गेले तर एकजण हळूच म्हणाला, "मावशी, तिथं नको. तानाजीची जागा हाय. आठ महिने सोडली होती. मेव्हण्याच्या हळदीत एकच घेतली. सोमवारी गेला."

मी दुसरीकडं बसले. बाळासो त्या खुर्चीकडं बघत राहिला.

मग एक पागोटेवाला म्हातारा उठला. "मी ज्ञानू, दारुडा. जतकडचा. मेंढरं होती, ती प्यालो. माझी आय लय शाणी. पोरगं गुत्त्यावर पडाया नगं म्हणून घरातच माप करून द्यायची. सकाळी येक, सांजंला येक. गावात इज्जत ऱ्हायली बगा! धाकट्याला बी त्येच माप. त्यो बत्तिसाव्या वर्षी गेला. आय म्हणायची, भाईर प्याला आसता तर आदीच गेला आसता."

सगळे हसले. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

फौजेच्या कँटीनची रम बाळासोच्या कार्डावर दर महिन्याला घरात येते. त्यातल्या दोन बाटल्या ऊसतोडीच्या मुकादमाला द्यायच्या, म्हणजे टोळी आधी आपल्या फडात शिरते. आमच्याकडं सगळेच देतात. उरलेल्या माझ्या ट्रंकेत. एकदा बाळासो स्टँडवर पडलेला सापडला, तेव्हापासनं मी त्याला चहाच्या कपानं मोजून देते. डॉक्टर बोलल्यावर अर्धा कप केला. अर्धा म्हणजे कमीच की, असं माझं गणित. त्या दिवशी सकाळीही गोठ्याआड दिला होता. चार लोकांत हात कापायला नकोत म्हणून.

तेवढ्यात मास्तरासारखा दिसणारा एकजण म्हणाला, "नवीन पाहुणे, आज न पिता आलात का?"

बाळासो उठला. टाचा जुळवल्या. एकदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय सर. आज थेंब न्हाई."

टाळ्या वाजल्या. शिवांजलीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. पोरगं पापणीही न हलवता खोटं बोललं. हे फौजेत शिकला नव्हता, माझ्याकडनं शिकला. फक्त ज्ञानूनं टाळी वाजवली न्हाई. तो माझ्याकडं बघत होता.

मीटिंग सुटल्यावर पायरीवर बसलो. सकाळच्या कपाचा जोर उतरला होता. बाळासोच्या हातातला चहा मांडीवर सांडला, चटका बसलेलाही त्याला कळला न्हाई. कपाळावर घामाचे थेंब. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आय, बाटलीत घातलीयास न्हवं? जरा दे की."

घातली होती. पाण्याच्या बाटलीत, पिशवीत होती.

"काय घातलंय?" शिवांजलीनं विचारलं.

ज्ञानू काठी टेकत आला. "म्हातारे, दारू येकदम तुटल्यावर घरी न्हिऊन आडवा पाडशील तर फिटचा झटका यील. माझ्या भावाला आला हुता. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घाल."

शिवांजली माझ्या पिशवीकडं बघत उभी होती. मग एकदम नजर फिरवून म्हणाली, "आत्ती, साडेपाचची एस्टी चुकंल."

तिला कळलं होतं. तरी ती मला सुटायला वाट देत होती. मी बाटली काढली, गटारीत उपडी केली. बाळासोचा हात पुढं आला आणि हवेतच राहिला.

"तू आगाव हायस, शिवांजली. मला इचारलं आसतंस तर मी नगं म्हणाले आसते. न्हाई इचारलंस त्ये झ्याक क्येलंस. तुझा नवरा आत खोटं बोलला. सकाळी मीच पाजली, रोज मीच पाजती. एस्टी जाऊ दे, रिक्षा बोलव, त्येला भरती करू. आन आयक, ह्यो जगला तर तुझ्यामुळं जगला, मेला तर माझ्या हातनं मेला. गावात आसंच सांगायचं. मी न्हाई म्हणायची न्हाई."