न दाबलेलं बटण

खोलीत कोणी नव्हतं, पंखाही बंद होता, मग माझे दिवे कोणी लावले? हे मला आजवर उमगलेलं नाही.

मी तळहाताएवढा सर्किट बोर्ड बोलतोय. बरकतपुऱ्याच्या कुलदीपने मला कोठीच्या बाजारातून आणलं, आईच्या गौरीपुढे दिव्यांची माळ लावायला. तो मला 'छोटू' म्हणायचा, म्हणून तो माझाही दादा. शाळा म्हणाल तर त्याने एकच धडा माझ्यात भरला: बटण दाबलं की दिवे लाव. तोही कच्चा राहिला. कुकटपल्लीहून येताना दादाची स्कूटर घसरली. तो परत आलाच नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. धाकट्या भावाने, गिरीशने, खिशातून मला काढलं आणि ओरडला, "दादा, तुझी माळ मी पुरी करतो!" कावळा आला.

घरी त्याने मला वायरी जोडल्या. बटणाला कोणी हात लावला नव्हता. आई नुसती जवळ आली, आणि मी विचार न करता दिवे लावून मोकळा झालो.

"आला माझा कुलदीप," आई म्हणाली.

मग ती माझ्यापुढून उठेना. ताट तसंच पडून राहायचं. तिने हात पुढे केला की मी उजळायचो. कधी कधी हात नसतानाही.

गिरीशने दादाच्या मैत्रिणीला, प्रियदर्शिनीला फोन लावला.

"भूत नाही रे, वेड्या हौल्या! बटण दाबलेलं नसतं तेव्हा बोर्डावरची बटणाची पिन अधांतरी असते. हाताची, हवेची वीज पकडते. प्रोग्रॅममध्ये एक शब्द राहिलाय. तो घातला की बटण दाबल्याशिवाय दिवे लागणार नाहीत."

"मी आठवी नापास. एकेक अक्षर सांग."

"नक्को रे," आई म्हणाली. "येतोय तर येऊ दे त्याला."

"कावळ्यासमोर बोललोय मी, आई!"

तो शब्द माझ्यात शिरला आणि सगळं गप्प झालं. जवळ कोण आहे, हे मला कळेनासं झालं. आईने हात पुढे केला असेल. मी विझलेलाच.

यंदा गौरी बसल्या नाहीत. मी पत्र्याच्या डब्यात आहे. म्हणून शेवटचं तेवढं सांगतो.

तो शब्द शिरला त्याच दिवशी, बऱ्याच वेळाने बटण दाबलं गेलं. एकामागून एक सगळे दिवे मी लावले. आई बटण दाबूनच राहिली.

"आई, भात थंड होतोय," गिरीश म्हणाला.

तिने बोट उचललं. मी लगेच विझलो.