चाकं होती तिथंच आहेत

मी मिथुनची पिकअप बोलतेय. कळसाडीहून म्हसावदकडे जाताना नाला लागतो ना, त्याच्या काठावर उभी आहे. गळ्यात झेंडूची माळ आहे, नाकासमोर लिंबू-मिरची लोंबतेय, आणि तरीही आज मी गोड बोलणार नाही. सणासुदीचा दिवस आहे, मान्य. पण माझं डोकं फिरलंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी ठेंगणी होते, पण पक्की होते. चाकांवर स्प्रिंगचे पाटे, पाट्यांवर चासीचा लोखंडी सांगाडा, चासीवर इंजीन, आणि त्याच चासीला घट्ट आवळलेली केबिन आणि मागचा हौदा. किती ओझं घ्यायचं, वळणावर किती झुकायचं, ब्रेक दाबल्यावर कुठं थांबायचं, याचा मेळ जाणत्या लोकांनी बसवला होता. मिथुनच्या वडिलांनी, सुपडूभाईंनी, मला दारात आणलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, जसोदाबाईंनी, माझ्या कपाळावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. हौदाभर पपई घेऊन मी कितीदा शहाद्याला गेले असेन, पण कधी डगमगले नाही.

सकाळी मात्र माझ्या हौद्यात पपई नसते, बाया असतात. म्हसावदच्या बाजूच्या मजूर बाया. माणसं अशी मालाच्या हौद्यात बसवू नयेत, हे मलाही कळतं आणि सुपडूभाईंनाही कळत होतं. पण आमच्याकडे सगळ्याच शेतांवर बाया अशाच येतात, म्हणून कोणी काही बोलत नाही. निदान सुपडूभाईंनी एक शिस्त ठेवली होती. नाल्यावर पूल नाही, बुटकी फरशी आहे, आणि पावसाळ्यात पाणी तिच्यावरून वाहतं. तिथं गाडी थांबायची आणि कालीबाई आधी पाण्यात उतरायची. कालीबाई पावरा आदिवासी बाई, धिप्पाड, पायांत आईनं लग्नात घातलेली चांदीची जाड कडी. पाणी कड्याच्या खाली असलं तर गाडी पुढं. कडं बुडालं की गाडी मागं, लांबच्या पुलानं. कालीबाईच्या कड्याशी कोणी वाद घालत नसे.

मग सुपडूभाई थकले आणि किल्ली मिथुनकडे आली. पोरगा वाईट नाही. मला रोज धुतो, पुसतो. पण त्याच्या मोबाइलमध्ये उंच उंच गाड्या नाचायला लागल्या आणि माझे दिवस फिरले. शहाद्याबाहेरच्या एका गॅरेजात त्यानं माझे बोल्ट सोडवले, केबिन आणि हौदा चासीपासून उचलला, मध्ये ठोकळे बसवले आणि लांब बोल्टांनी पुन्हा आवळला. स्टेअरिंगचा दांडा पुरेना, त्याला वेल्डिंगचा तुकडा जोडला. ब्रेकच्या नळ्या ताणून बसवल्या. झाली उंच गाडी!

मला सांगा, उंच काय झालं? माझी चाकं होती तिथंच राहिली. पोट होतं तिथंच. इंजीन चासीवर, म्हणजे तेही होतं तिथंच. वर गेली ती फक्त केबिन आणि हौदा, आणि त्याबरोबर सगळं ओझं. आता मी वळणावर झोके खाते. माझे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. पपई भरताना बायांना हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. जसोदाबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना केबिनमध्ये चढवायला दोघं लागतात. आणि हा गावभर सांगत फिरतो, "आते पानीले भ्याव नही. गाडी हातभर उच्ची करी टाकी!" अरे, पाय तेवढेच ठेवून डोक्यावर मोठा फेटा बांधला तर माणूस खोल पाण्यात उतरू शकतो का?

भादव्यात नाला भरून आला. कालीबाईनं सवयीनं हौद्यावर थाप मारली.

"थांब भाऊ, पानी देखू दे."

"आते काय देखनं? बठ चुपचाप!"

आणि त्यानं मला पाण्यात घातलं. माझ्या हातात असतं तर मी काठावरच बंद पडले असते. मी पडलेही, पण नको तिथं, ऐन फरशीच्या मध्यावर. पंख्यानं पाणी उडवलं, ते इंजिनात शिरलं आणि सगळं गपकन थांबलं. पाण्याच्या रेट्यानं मागचं चाक फरशीच्या कडेला सरकलं. वरचं उंच ओझं एका बाजूला कललं. ठोकळ्यांवरचे ते लांब बोल्ट कण्हत होते आणि हौद्यात बाया किंचाळत होत्या. त्या माझ्या भरवशावर बसल्या होत्या हो!

कालीबाईनं हौद्याचा मागचा फाळका उघडला. पूर्वी ती सहज उतरायची. आता जमीन लांब गेली होती. तिनं उडी मारली आणि तिचा पाय दगडांच्या खाचेत अडकून मोडला. तशा मोडल्या पायावर, माझ्या फाळक्याला धरून, तिनं एकेक बाई खाली घेतली. कोणी वाहून गेलं नाही, ते तिच्यामुळं. दवाखान्यात सुजलेल्या पायातून कडं निघेना. करवतीनं कापलं. हे जसोदाबाई रडत रडत सांगत होत्या, ते मी ऐकलं.

आणि मिथुन काय म्हणाला? "गाडी इतली भारी दिसस ना, लोकेस्नी नजर लागनी." म्हणून ही लिंबू-मिरची. म्हणून आज दसऱ्याला दुप्पट झेंडू. इंजीन दुरुस्त झालं, ठोकळे तसेच!

आज पूजा झाल्यावर तो जसोदाबाईंना शेजारी बसवून मला इथं घेऊन आला, बायांना न्यायला. पलीकडे त्या उभ्या होत्या. पुढं कालीबाईची जाऊ रंजनाबाई, आणि तिच्या पायात कालीबाईचं उरलेलं दुसरं कडं. ती पाण्यात उतरली आणि सावकाश अलीकडे आली. पाणी कड्याच्या बरंच खाली होतं.

मिथुन खूश झाला. "देख, पानी कमी शे. बठा आते सगळ्या."

रंजनाबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "पानी तं कमी शे, भाऊ. तुन्ही गाडी उच्ची शे."

एवढंच. तिच्यामागून सगळ्या बाया फरशी ओलांडून आल्या आणि माझ्या बाजूनं शेताकडे चालायला लागल्या. कोणी हौद्याला हात लावला नाही. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं.

"थांबा व बायास्वन, मी बी येस," जसोदाबाई म्हणाल्या. मिथुन धरायला धावला, तर त्यांनी त्याचा हात झटकला. रंजनाबाईच्या खांद्याला धरून त्या कशाबशा उतरल्या आणि निघाल्या.

मिथुन, आता तू आणि मीच उरलोय. मी तुझीच आहे, किल्ली तुझ्याच हातात आहे. मला हार नको, लिंबू नको. सीटखाली बोल्ट सोडवायचा पाना आहे. तो काढ.