मीराबाईंची वाटी

माझ्या फळीवर मीराबाई सावंतांची वाटी आहे. स्टीलची, जाड बुडाची, कडेला त्यांच्या नवऱ्याचं नाव घातलेलं. मी आजारी पडलो त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. तुम्ही म्हणाल, तेव्हाच शेजारचा दरवाजा वाजवायचा आणि देऊन टाकायची, त्यात काय एवढं. पण भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत रिकामी वाटी परत देत नाहीत. माया, म्हणजे माझी बायको, होती तोवर ती काही ना काही घालून पाठवायची. ती गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फरसाण आणून भरायचो आणि मीराबाई कपाळावर आठ्या घालून ते ठेवून घ्यायच्या.

त्या दिवशी वाटीत सुक्या बोंबलाचं कालवण होतं. मी भाताबरोबर चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पहाटे आडवा झोपलो की श्वास अडकायला लागला. उठून बसलं की जरा बरं, पाठ टेकली की पुन्हा तेच. पाय तर आधीपासूनच सुजलेले होते, पण चपला जुन्या झाल्या म्हणून घट्ट बसतात असं मी स्वतःला पटवलं होतं. चाळीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून मला खाली नेलं. इस्पितळात कळलं की बीपी कित्येक वर्षं वरच होतं. त्यानं हृदय थकलं, फुफ्फुसात पाणी भरलं, किडनीनंही अर्धं काम सोडून दिलं. गोळ्या दिल्या होत्या पूर्वी. बरं वाटतंय म्हणून मीच बंद केल्या. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कसलं, असा माझा हिशेब.

मुलगी अनुजा बंगळुरूहून धावत आली. तिनं माझं घर असं साफ केलं की पोलिसांनाही धाड घालायला काही उरलं नसतं. लोणच्याची बरणी गेली, पापड गेले, सुकट गेली, मिठाचा डबासुद्धा गेला. दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचं, त्यातच चहा धरायचा. तेवढ्यावर थांबली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण जाताना ती गॅलरीत उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्लीज, बाबांना कोणी काही खायला देऊ नका. मीठ त्यांना विष आहे."

आमच्या चाळीनं आजवर कोणाचं ऐकलं नाही. महापालिकेचं ऐकलं नाही, भाडं मागणाऱ्या मालकाचं ऐकलं नाही. अनुजाचं मात्र सगळ्यांनी तंतोतंत ऐकलं. वाट्या यायच्या थांबल्या आणि वाट्यांबरोबर माणसंही थांबली. कारण आमच्याकडे हात हलवत कोणाच्या दारात जायची रीत नाही. आजाऱ्याकडे तर नाहीच. मी दार दिवसभर उघडं ठेवतो. समोरच्या आनंदीबाई जाता जाता "बरं आहे ना?" विचारतात आणि उत्तर येईपर्यंत नळापाशी पोचलेल्या असतात. अनुजा रोज फोन करते, गोळ्यांचं विचारते, पाण्याचं विचारते. तिनं एक बीपीचं मशीनही आणून दिलंय. त्याचा पट्टा दंडाला गुंडाळला की तो फुगतो, घट्ट धरतो, मग सोडून देतो. आता मला हात लावणारं ते एकच उरलंय. कधीकधी मी उगाच दुसऱ्यांदा मोजतो.

मला एकटं वाटतं. हे अनुजाला सांगून काही होणार नाही. ती यावर डाएटिशियनचा नंबर पाठवेल.

मीराबाई तर दारावरून जाताना मान खाली घालून जायच्या. ज्या बाईनं वर्षानुवर्षं मला "परबांनू, जेवलास?" असं भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, ती अचानक मुकी झाली. मला वाटलं, वाटी ठेवून घेतली म्हणून राग आला असेल. खरं तर मी ती मुद्दामच ठेवली होती. निदान वाटी मागायला तरी त्या येतील, असं मला वाटायचं. घासून पुसून चकचकीत करून ठेवली होती. त्या आल्या नाहीत.

मग एका सकाळी गॅलरीत खोके दिसले. मीराबाई मुलाकडे, निलेशकडे बदलापूरला कायमच्या चालल्या होत्या. खोली भाड्यानं दिली होती, टेम्पो रविवारी येणार होता. हे मला आनंदीबाईंनी चालता चालता सांगितलं.

मी खाली जाऊन रवा आणला. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर टेकावं लागलं. शिरा मी आयुष्यात केला नव्हता. माया करायची तेव्हा शेवटी चिमटीभर मीठ टाकायची, गोड त्यानंच खुलतं म्हणायची. माझ्या घरात मिठाचा खडा नव्हता. तसाच केला, जरा करपलाही. वाटी भरली, वर ताटली झाकली आणि शेजारी गेलो.

मीराबाई खोक्यांच्या मधे पाटावर बसल्या होत्या. वाटी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"माका वाटलां, तुमी ती रागान ठेवलात," त्या म्हणाल्या. "तां कालवण माझ्याच हातचां. मी दिलां आणि सकाळी तुमका उचलून नेलां. तेवापासून माका धड झोप नाय. खंयच्या तोंडान तुमच्या दारात येव?"

म्हणजे एवढे महिने भिंतीच्या त्या बाजूला ही बाई मला मारता मारता राहिल्याचं ओझं घेऊन बसली होती, आणि या बाजूला मी तिची वाटी घासत होतो. मला हसू आलं.

"डॉक्टरान सांगितलां," मी म्हणालो, "एका वाटीन काय होना नाय. माझां दुखणां जुनां."

दुखणं जुनं होतं, हे खरं. एका वाटीचं डॉक्टर कधीच बोलले नव्हते. त्यांनी आदल्या दिवशी काय खाल्लं ते विचारलं होतं, मी सांगितलं होतं, आणि ते नुसते मान हलवत राहिले होते. ती मान मी मीराबाईंना दाखवली नाही.

त्यांनी डोळे पुसले. शिऱ्याचा एक घास घेतला, चावला, आणि पुन्हा त्या जुन्या आठ्या कपाळावर आल्या.

"मीठ नाय घातलास."

"घरात नाय."

त्यांनी वाटी पुढ्यात ओढून घेतली. सगळा शिरा संपवला, करपलेला भागसुद्धा. मी समोर बसून होतो. आम्ही मायाबद्दल बोललो, निलेशच्या घराच्या लिफ्टबद्दल बोललो. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कोणीतरी मिठाशिवाय दुसरं काही बोलत होतं.

रविवारी सामान उतरल्यावर मीराबाई माझ्या दारात आल्या. नवं लुगडं, पायात चपला. हातात तीच वाटी, धुतलेली, कोरडी.

"ही ठेवा तुमी," त्या म्हणाल्या. "रिकामीच देतंय. तुमका चालात असां माझ्याकडे दुसरां काय नाय."

मग कठडा धरून त्या जिना उतरल्या. मी गॅलरीतून टेम्पो वळेपर्यंत बघत होतो.

वाटी पुन्हा फळीवर आहे. बदलापूर लांब आहे, मला एवढा प्रवास झेपायचा नाही, आणि तिथं पोचेपर्यंत शिरा गारढोण होईल, हे सगळं मला कळतं. तरी मी पुन्हा रवा आणून ठेवला आहे. वाटी रिकामी परत देता येत नाही.